माहेरचा नाला

मंगळवारी सकाळी बोरमाळचा नाला मनोहर पिंपळशेंडेच्या घरी पाहुणा म्हणून आला. फारशी खळखळ न करता बैठकीत शिरला आणि दिवाणाखाली पसरला. बोरमाळ हे मनोहरच्या बायकोचं, वच्छलाचं, माहेर. माहेरचं मांजर आलं तरी बाईमाणूस हरखतं, इथे तर अख्खा नाला आलेला. तिनं लगबगीनं चहा टाकला.

मनोहरला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोळसा खाणीच्या प्रयोगशाळेत तो पाणी तपासायचा. खाणीतून उपसलेलं आंबट पाणी आणि थर्मल वीजकेंद्राची राख, दोन्ही याच नाल्यात जायचं. दगड गंजल्यासारखे तांबूस झाले होते, मासे कधीच संपले होते. पण मनोहर दर महिन्याला नमुन्याची बाटली भरायचा ती खाणीच्या वरच्या अंगाला, जिथे नाल्याला अजून काही झालेलं नव्हतं. त्यामुळे साहेब खूश होते आणि मनोहरही सुखात होता.

"जवाई, बरं हाय नं?" नाल्यानं विचारलं.

"बरं आहे," मनोहर म्हणाला, आणि पाणी त्याच्या गुडघ्याला आलं. वच्छलाच्या ते घोट्यालाच होतं. घर तेच होतं, पाणीही तेच.

नाला माहेरची ख्यालीखुशाली सांगू लागला. वच्छलाच्या भावानं पाणी पिण्याजोगं असल्याचा अहवाल ग्रामपंचायतीत मोठ्यानं वाचला होता. खाली जावयाची सही दिसली, तेव्हा बायांनी पुन्हा नाल्यावर घागरी नेल्या. भावाच्या धाकटीच्या अंगावर चट्टे उठले, तर ते उन्हानं असतील असं सगळ्यांचं मत पडलं. घरचा जावई खोटं कशाला लिहील?

मनोहरनं मान खाली घातली. पाणी छातीला लागलं. लाजेनं त्याच्या कानशिलांची आग होत होती, आणि अंगाभोवती मात्र गारठा होता.

"लय दिवस झाले माहेरचं पाणी पेऊन," वच्छला म्हणाली. तिनं वाकून पेला बुडवला.

"पे, माय," नाला ओशाळून म्हणाला. "जवायानं लिहूनच देल्लं हाय."

पाणी मनोहरच्या खालच्या ओठाला टेकलं. वच्छलानं पेला उचलला आणि त्याच्याकडे पाहून हसली. तिला थांबवायचं तर बोलायला हवं होतं, आणि बोलायचं तर तोंड उघडायला हवं होतं.

त्यानं तोंड उघडलं.