तिसऱ्या खणातली माणसं

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी कपाट आहे. चार खणांचं, फायली ठेवायचं. रंग हिरवा. म्हणजे मूळचा राखाडी, पण चेमाने एका सुट्टीत ट्रॅक्टरला लावून उरलेला रंग मला फासला, तेव्हापासून हिरवा. मला कोणी विचारलं नव्हतं. चेमा आमच्या कॉलेजातला दुरुस्तीचा माणूस. त्याच्या हाती ब्रश आला की समोर कोण आहे हे तो बघत नाही.

आमचं कॉलेज अल्मेंद्रा गावात, बदामाच्या बागांना लागून. दोन वर्षांचं. इथे दोन वर्षं शिकायचं आणि उरलेली दोन नदीपलीकडच्या सरकारी विद्यापीठात. म्हणून आमच्याकडे 'पलीकडे गेली' असं कोणी म्हटलं तर दचकू नका. ती आनंदाची बातमी असते, गोड पाव वाटतात.

माझा जन्म १९७४ सालचा, एका कारखान्यातला. तिथे पत्रा कापून, वाकवून, डाग देऊन माझं अंग घडवलं. पहिली काही वर्षं मी हजेरीच्या खोलीत उभं होतं. त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मग १९८८ मध्ये मला ओडिलिया बेटनकोर्ट बाईंच्या खोलीत हलवलं आणि खरं सांगायचं तर तिथून माझं आयुष्य सुरू झालं.

बाईंचं काम मुलांना पलीकडे पोचवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्याकडे शिकलेला विषय पलीकडच्या लोकांनी हिशेबात धरला, तरच तो झाला. नाही धरला, तर तोच विषय, तोच अभ्यास, पुन्हा पहिल्यापासून. कित्येक मुलं तिथेच गळायची. म्हणून बाई प्रत्येक विषयाचा आराखडा जपायच्या: कोणत्या वर्षी काय शिकवलं, कोणतं पुस्तक होतं, आणि पलीकडून कोणी 'हो' म्हटलं. ते सगळे कागद माझ्या पोटात असायचे.

माझ्या पहिल्या खणात होती शिकत असलेली मुलं. दुसऱ्यात पलीकडे गेलेली. चौथ्यात बाईंचा डबा आणि हिवाळ्यातली शाल. पलीकडे गेलेल्या प्रत्येकाने एकदा परत यायचं आणि माझ्या डाव्या अंगावर एक चुंबक लावायचं, असा इथला रिवाज. गाय आहे, टोमॅटो आहे, एक लाल बेडूक आहे. कोणी नवीन आलं आणि त्या बेडकाला बोट लावलं, की माझी छाती अशी फुगायची म्हणता! पत्र्याचं असलं म्हणून काय झालं.

आता तिसरा खण. त्याच्यावर बाईंनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली होती: 'यायचे आहेत'. मधेच शिक्षण थांबवून गेलेल्यांच्या फायली त्यात असायच्या. दुसऱ्या कॉलेजांत अशांच्या कपाटावर 'सोडून गेले' लिहितात असं ऐकलंय. बाईंना तो शब्द चालायचा नाही.

हाच खण पुढे माझं दुखणं होऊन बसला. गणिताचे ऑस्टरगार्ड सर भिंतीवरचं घड्याळ नीट करायला म्हणून उघड्या खणावर चढले. चांगला गलेलठ्ठ माणूस! खणाची पट्टी वाकली ती वाकलीच. त्यानंतर तो फक्त बाईंनाच उघडता यायचा. दुसरा खण चार बोटं ओढायचा, परत लोटायचा, तिसऱ्याची मूठ वर उचलायची आणि डावीकडे कमरेने एक धक्का द्यायचा. बाई हे बोलता बोलता करायच्या, हातातली कॉफी न सांडता.

माझं दुसरं दुखणंही याच ऑस्टरगार्ड सरांचं. माणूस देवासारखा, पण एकदा डोक्यात आलं की आलं. लहान मुलांना गणित कसं शिकवावं, असा त्यांचा एक विषय होता. त्याचा नंबर १०. विद्यापीठात त्याच विषयाचा नंबर ११०. सर म्हणाले, "आपणही ११० ठेवू. दोन्हीकडे एकच नंबर, गोंधळच नको!"

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो सर, आपल्याकडे शंभराच्या वरचा नंबर म्हणजे पलीकडे न चालणारा विषय. त्यांच्याकडे शंभराच्या वरचा म्हणजे वरच्या वर्षांचा. तुम्ही आपल्याच विषयाला खाली ढकलताय."

"शहाण्या माणसाला कळेल हो, बाई."

"शहाणी माणसं असतात कुठे हल्ली?"

सरांनी ऐकलं नाही. ते वर्ष ११० चाललं, पुढच्या वर्षी मुकाट्याने पुन्हा १० झालं. त्या वर्षीच्या मुलांसाठी बाईंनी विद्यापीठाकडून पत्र आणलं की हा विषय धरू. मुलं पलीकडे गेली आणि सगळे तो घोळ विसरले. त्या वर्गातली एक मुलगी तेवढी मागे राहिली.

तिचं नाव नोएमी सारागोसा. वय वीस, प्राथमिक शाळेत शिक्षिका व्हायचं तिच्या मनात. त्या वर्षीच, २००९ मध्ये, तिच्या आईला अर्धांगाचा झटका आला. घरात दोन धाकटी भावंडं. एका दुपारी ती बाईंसमोर येऊन उभी राहिली, बसलीसुद्धा नाही.

"बाई, मी कॉलेज सोडतेय."

"सोडतेयस की थांबतेयस?"

"एकच ना ते?"

"अजिबात नाही. थांबलेल्याची फाइल मी ठेवते, सोडलेल्याची टाकून देते. बोल पोरी, काय करू?"

नोएमीने बाहीने नाक पुसलं. "ठेवा," एवढंच म्हणाली.

ती गेल्यावर बाईंनी तिच्या फाइलमध्ये ११० चा आराखडा आणि विद्यापीठाचं ते पत्र घातलं. वर स्वतःशी पुटपुटल्या, "या नंबराने ही पोर पुढे नक्की अडकणार." मग कमरेने तिसरा खण बंद केला.

मित्रांनो, त्यानंतर माझे दिवस फिरले. खोलीत संगणक आला. दहा वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. निघताना त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मला तर रडूच आलं असतं, पण गंज चढेल म्हणून आवरलं. त्यांच्या जागी कू थाओ आला. हा बाईंचाच विद्यार्थी, तो लाल बेडूक त्याचाच. कामाला एक नंबर पोरगा, पण त्याला वाटे की सगळं संगणकात आहे. माझे तीन खण त्याने हळूहळू रिकामे केले. तिसरा उघडेना, म्हणून तोही रिकामाच असेल असं धरून चालला. माझ्यावर कुंडी ठेवली. कुंडीला रोज पाणी घालायचा, ते गळायचं माझ्या अंगावर.

आणि मग गेल्या वर्षीच्या मे महिन्यात नोएमी आली.

आता पस्तिशीची. आई सावरून घरात हिंडू-फिरू लागलेली, भावंडं मार्गी लागलेली, स्वतःची एक मुलगी. बारा वर्षं ती शाळेत दुसरीच्या वर्गावर मदतनीस होती. राहिलेले विषय तिने संध्याकाळच्या वर्गांत पुरे केले होते आणि पलीकडे शिक्षिकेच्या अभ्यासक्रमात तिला जागाही मिळाली होती. एकच अट होती: सगळे विषय धरले गेले पाहिजेत. संगणकाने तिच्या ११० पुढे लाल फुली मारली.

कूने विद्यापीठात फोन लावला. तिथल्या बाई भल्या होत्या, पण त्यांचेही हात बांधलेले. त्या वर्षीचा आराखडा आणि 'धरू' म्हटल्याचा पुरावा शुक्रवारी दुपारी बारापर्यंत आला तर ठीक, नाहीतर जागा दुसऱ्याला. कूने संगणक पिंजून काढला. त्यात २०१३ च्या आधीचं काहीच नव्हतं. गणित विभागात विचारलं, तर ऑस्टरगार्ड सर वारले होते आणि त्यांचे कागद रद्दीत गेले होते.

गुरुवारी सकाळी कूने हे नोएमीला सांगितलं. ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. मी आतून ओरडत होतं, अगं इथे आहे, इथे! पण कपाटाचं कोण ऐकतं?

"पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू," कू म्हणाला.

"नाही हो सर." ती शांतपणे बोलत होती, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. "आता नाही झालं, तर मी पुन्हा करायची नाही. वर्गातली पोरं मला बाई म्हणतात. मी रोज सांगते, अरे मी बाई नाही, मदतनीस आहे. कंटाळा आलाय मला हे सांगून सांगून. त्यापेक्षा नाद सोडलेला बरा."

तेवढ्यात दारात चेमा, हातगाडी घेऊन. त्या दिवशी मला भंगारात न्यायचं ठरलं होतं. बघा, कसा मुहूर्त.

"सरका, सरका. म्हातारबुवांची वरात आहे आज," म्हणत त्याने कुंडी उतरवली आणि मला मागे कलवलं. मी होता नव्हता तेवढा जोर लावून जड झालं. आतल्या फायली धाडकन मागे सरकल्या.

चेमा थांबला. "कू सर, हे रिकामं नाही."

"रिकामंच आहे. तिसरा उघडत नाही, पण..."

"तीस वर्षं उचलतोय मी याला. रिकामं असताना एवढं कण्हत नाही हे."

नोएमी उठून उभी राहिली. तिची नजर त्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर गेली होती. "सर," ती म्हणाली, "बाईंनी माझी फाइल ठेवली होती. मला विचारून ठेवली होती!"

चेमाने लगेच पहार काढली. नशीब, कूने त्याला अडवलं आणि बाईंना फोन लावला. फोनमधला आवाज मला इथवर ऐकू आला. "चेमा! माझ्या तिसऱ्याला पहार लावलीस तर जन्मात माझ्या हातचा पाव मिळायचा नाही तुला! आलेच मी."

वीस मिनिटांत बाई हजर. कोपरापर्यंत पीठ, हातात काठी. नोएमीला पाहिलं आणि पिठासकट मिठीत घेतलं. "किती उशीर गं? मी निवृत्त झाले तुझी वाट बघून."

मग त्या माझ्याकडे वळल्या. दुसरा खण चार बोटं ओढला, लोटला, तिसऱ्याची मूठ उचलली. आणि तिथेच थबकल्या.

"काय झालं, बाई?" कूने विचारलं.

"अरे, खुबा बदललाय माझा. डॉक्टरांनी धक्का द्यायला सक्त मनाई केलीय." त्यांनी नोएमीला दंडाला धरून पुढे ओढलं. "तू मार. डावीकडे. लाजतेस काय? तुझीच फाइल आहे."

नोएमीने एक धक्का दिला. मी जागचं हललं नाही. दुसरा दिला, नुसतं कुरकुरलं.

"पाहुण्यासारखं दार काय वाजवतेस?" चेमा ओरडला. "पंधरा वर्षांचा राग आहे ना? मग काढ की त्याच्यावर!"

तिसरा धक्का तिने असा दिला, की माझ्या अंगावरची गाय आणि टोमॅटो खाली पडले. खण उघडला. मित्रांनो, खरंच, मला जरासुद्धा लागलं नाही.

फाइल होती. आराखडा होता. सहीशिक्क्याचं पत्र होतं. कूने अकरा वाजायच्या आत सगळं पलीकडे पाठवलं. शुक्रवारी साडेनऊला उत्तर आलं: धरला. नोएमी खुर्चीत बसून ते पत्र नुसतं पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

पण गुरुवारचं थोडं राहिलंच सांगायचं. कागद पाठवून झाल्यावर चेमाने हातगाडी पुढे आणली. "मग, नेऊ ना याला?"

कू तिसऱ्या खणासमोर उकिडवा बसला होता. खण गच्च भरलेला. तो एकेक नाव वाचत होता. त्यातली दोन त्याच्या वर्गात होती.

"नको," तो म्हणाला. "अजून माणसं आहेत यात."

त्यानंतर पुष्कळ झालं. कू आणि विद्यापीठातल्या त्या बाई एका टेबलाशी बसले आणि त्या वर्षीचं ११० म्हणजे १० हे संगणकाला एकदाचं शिकवलं. मग असले आणखी घोळ शोधायला लागले. दर महिन्याला भेटतात, भांडतात, आणि एकेक गाठ सोडवतात. चेमाने माझी पट्टी सरळ केली. पुन्हा रंगही दिला, हिरवाच. कुंडी खिडकीत गेली.

आणि दर बुधवारी कू तिसऱ्या खणातली एक फाइल काढून फोन लावतो. पहिल्या माणसाने काहीतरी विकायला आलेत समजून फोन आपटला. दुसरा ट्रक चालवतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "माझं अजून आहे तिथे?"

"आहे ना," कू म्हणाला. "फक्त एक सांगा. तुम्ही सोडलंत, की थांबलात?"

मित्रांनो, तुमच्याही घरात अशी कोणी मावशी असेल, काका असेल, कदाचित आईच असेल, जिचं शिक्षण मधेच राहिलं. तिच्याबद्दल बोलताना 'सोडलं' म्हणू नका. तिचे जुने कागद रद्दीत देऊ नका. आणि एकदा तिला जवळ बसून हाच प्रश्न विचारा. मी पत्र्याचं आहे, मला वाट बघायला काही लागत नाही. माणसाला मात्र कोणीतरी विचारावं लागतं.

नोएमीचं चुंबक अजून लागायचं आहे. तिसरीच्या वर्गावर रुजू झाले की आणते म्हणालीय. जागा मी राखून ठेवली आहे, लाल बेडकाच्या शेजारी.