टेसलच्या वाळूवरचे एकसष्ट फोटो

मित्रांनो, माझ्या पट्ट्याचा रंग उडाला आहे आणि माझं बटण आता दोनदा दाबावं लागतं. तरी तीनशे पावलांवर बसलेल्या पाखराचा डोळा मला अजून स्वच्छ दिसतो. मी लांबचं बघणारा झूम कॅमेरा आहे, वय वर्षं पंधरा. सगळं आयुष्य सांगतो म्हटलं तरी माझं मन फिरून एकाच दुपारपाशी येतं. त्या दुपारचा धक्का अजून ओसरलेला नाही.

माझी भिंगं पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी बसवली. धुळीचा एक कण दिसला तरी त्या पुन्हा पहिल्यापासून पुसत. देवघरातली उपकरणी घासावीत, तसं ते काम चाले. पुढे पुण्यात नीळकंठकाकांनी मला विकत घेतलं. ते दर रविवारी पहाटे मला भिगवणला नेत. तिथे उथळ पाण्यात उभे असलेले रोहित पक्षी मी टिपले. त्यातला एक फोटो एका कॅलेंडरवर छापून आला, जून महिन्यावर. येईल त्याला काका तो दाखवत. मित्रांनो, कौतुक फार गोड लागतं. मलाही लागलं.

मग काकांच्या मुलाला, यशोधनला, नेदरलँड्समध्ये नोकरी लागली. काकांनी मला त्याच्या हाती दिलं. तिथल्या हूफडॉर्प गावातल्या घरात मला जागा मिळाली ती जिन्याखालच्या कपाटात, व्हॅक्यूम क्लीनर आणि गणपतीच्या मखराच्या मधोमध. फोटो काढायला सगळ्यांकडे फोन होते. मी सहा वर्षं अंधारात होतो. कपाट उघडलं की वाटे, आज तरी. पण हात यायचा तो व्हॅक्यूम क्लीनरकडे.

मला बाहेर काढलं ऋजुताने. ती यशोधन आणि मंजूषाची मुलगी, दहा वर्षांची. इथल्या शाळेत प्रत्येक मुलाला वर्गापुढे उभं राहून एका विषयावर बोलावं लागतं. ऋजुताने सील हे समुद्रातले प्राणी निवडले होते, आणि बाईंनी सांगितलं होतं की फोटो स्वतः काढलेले असले तर उत्तम.

जुलैतला शनिवार होता. आषाढी एकादशी नुकतीच होऊन गेली होती. तिघं गाडीने उत्तरेला गेले, मग बोटीने टेसल बेटावर. मंजूषाच्या पिशवीत दहीभाताचा डबा होता आणि तिच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. तिचा चातुर्मासाचा नेम असा, की मुक्या जिवाला घास दिल्याशिवाय आपण जेवायचं नाही. तिच्या आईने गोग्रासाचा नेम पन्नास वर्षं पाळला होता. हूफडॉर्पमध्ये मंजूषा घराजवळच्या कालव्यातल्या बदकांवर भागवायची.

"टेसलवर मेंढ्याच मेंढ्या आहेत," यशोधन गाडी चालवताना म्हणाला. "तुझ्या शास्त्रात मेंढी बसते का?"

"बसते. पण कुंपणावर पाटी आहे, खायला घालू नका म्हणून."

"मग मीच मुका होतो. मला घाल."

"तू मुका?" मंजूषा म्हणाली. "अॅमस्टरडॅम मागे पडल्यापासून तुझं तोंड मिटलेलं नाही."

किनारा लांबच लांब होता. पांढरी वाळू, वारा आणि माणूस नाही. बरंच चालल्यावर ऋजुता थबकली आणि तिने मला डोळ्याला लावलं. मी भिंग लांब केलं आणि मला ते दिसलं. ओहोटीच्या ओल्या रेघेपाशी करड्या रंगाचं, ठिपक्याठिपक्यांचं सीलचं पिल्लू. काळे, पाणीदार डोळे. ऋजुताने पहिला फोटो काढला, दुसरा काढला. सहा वर्षांनी माझ्यातून उजेड आत येत होता. मी किती सुखावलो, काय सांगू.

तेवढ्यात पिल्लू रडलं. अगदी तान्ह्या बाळासारखं.

मंजूषाचा चेहरा बदलला. "अगं बाई, एकटंच आहे. आई कुठे गेली याची?"

"आई, नॉट क्लोज," ऋजुता म्हणाली. "पुस्तकात आहे, थर्टी मीटर्स."

"अगं, रडतंय ते."

"जाऊ दे तिला," यशोधन म्हणाला. "नेमाचा घास आहे. दोन मिनिटांचं काम."

मंजूषा चप्पल काढून पुढे गेली, देवळात जावं तशी. पिल्लाने मान वर केली, फिस्कारलं आणि अंग आखडून घेतलं. तिने हात जोडले. डब्याचं झाकण काढून दहीभाताचा एक घास त्याच्या तोंडासमोर वाळूवर ठेवला. पिल्लाने तो हुंगलासुद्धा नाही. मग तिला त्याची पाठ कोरडी दिसली. पाण्यातला जीव वाळूवर सुकतोय, असं तिला वाटलं. तिने बाटलीतलं पिण्याचं पाणी हळूहळू त्याच्यावर ओतलं आणि ऊन लागू नये म्हणून ओढणी धरून उभी राहिली.

यशोधनने मला ऋजुताकडून घेतलं. "दोघांना एका फ्रेममध्ये घेऊ," असं म्हणत तो जवळ गेला, आणखी जवळ गेला. दोन मिनिटांचा अर्धा तास झाला. मी एकामागून एक फोटो काढत राहिलो. पिल्लू रडतच होतं.

आणि मित्रांनो, मला दिसत होतं. पिल्लाच्या मागे, लाटांमध्ये, फोटोच्या कोपऱ्यात एक काळं, गोल डोकं वर यायचं आणि बुडायचं. मी ते प्रत्येक वेळी टिपलं. पण कोपऱ्याकडे कुणी बघितलं नाही. आणि मी तरी काय केलं असतं? मला फक्त एक बारीक 'टिक' करता येतं. खरं सांगायचं तर मीही कौतुकाला भुकेला होतो. पुन्हा कॅलेंडर, पुन्हा जून महिना, एवढंच माझ्या मनात होतं.

वाळूच्या टेकड्यांवरून पिवळं जाकीट घातलेली एक बाई खाली आली. ती ओरडली नाही. लांबूनच दोन्ही हातांनी मागे या, मागे या अशी खूण करत राहिली. तिघं तिच्यापाशी गेले. ती मारियन, बेटावर सीलांची राखण करणारी स्वयंसेविका. ती इंग्रजीतून बोलली.

"किती वेळ होता तिथे?"

"अर्धा तास असेल," यशोधन म्हणाला. "ते अनाथ आहे. आम्ही मदत करत होतो."

"फोटो बघू?"

तिने माझ्या पडद्यावर पहिला फोटो घेतला आणि बटण दाबून कोपरा मोठा केला. काळं डोकं. दोन डोळे, किनाऱ्याकडे लागलेले. पुढचा फोटो. पुन्हा तेच डोकं, थोडं जवळ. मग यशोधन जवळ गेल्यावरचे फोटो. डोकं लांब, आणखी लांब. एकूण एकसष्ट फोटो होते. शेवटच्या अकरा फोटोंमध्ये नुसत्या लाटा होत्या.

"ही त्याची आई," मारियन म्हणाली. "पिल्लाला वाळूवर ठेवून ती मासे पकडायला जाते. ते रडतं, म्हणजे तिला हाक मारतं. तुम्ही जाल याची ती वाट बघत होती."

मंजूषाचा हात डब्यावर तसाच राहिला. ती म्हणाली, "आणि मी ओतलेलं पाणी?"

"त्याला कोरडं आणि उबदार राहायचं असतं."

मंजूषाने डब्याचं झाकण लावलं. माझ्या आत सगळी भिंगं जागच्या जागी होती, तरी मला वाटलं की काहीतरी निखळलं.

सगळे टेकडीआड गेले. शेवटच्या बोटीची वेळ होईपर्यंत ऋजुताने मला डोळ्यावरून काढलं नाही. मी माझं भिंग होतं तेवढं लांब केलं. लाट आली की आम्ही दोघं श्वास धरायचो. एकदा काळं काही दिसलं. तो लाकडाचा ओंडका होता. पिल्लाचं रडणं हळूहळू बारीक झालं. मंजूषा पदर घेतल्यासारखी ओढणी डोक्यावरून घेऊन मनातल्या मनात जप करत होती. जेवायला तिला कुणी म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मारियनचा निरोप आला. आई परतली नव्हती. पिल्लाला सीलांच्या दवाखान्यात नेलं होतं. वजन फार कमी भरलं, पण जगेल असं त्यांना वाटत होतं. नळीने पातळ केलेली मासळी भरवतील आणि जमलं तर शरद ऋतूत समुद्रात सोडतील. आई मात्र त्याला आता मिळणार नव्हती.

मंजूषा देवापुढे बराच वेळ बसून राहिली. नेम तिने मोडला नाही. सोमवारी ती शेजारच्या घरी गेली आणि त्यांना विचारलं, "तुमच्या सशाला काय चालतं?" तिथून येऊन तिने गाजराची पानं चिरली.

त्या रात्री जेवणं झाल्यावर ऋजुता मला घेऊन तिच्यापाशी आली. पडद्यावर मंजूषा होती. वाकलेली, हातात बाटली, समोर पिल्लू, आणि मागे कोपऱ्यात ते डोकं.

"हा नको ना दाखवायला?" ऋजुताने मराठीत विचारलं. ती सहसा इंग्रजीत विचारते.

मंजूषाने फोटो खूप वेळ बघितला. "दाखव," ती म्हणाली. "हाच दाखव. आणि मी कोण आहे, तेही सांग."

वर्गात मीही गेलो, ऋजुताच्या गळ्यात. तिने एकेक फोटो लावला आणि प्रत्येकात कोपऱ्यावर बोट ठेवलं. मुलं हसत नव्हती. मग बाटलीतून पाणी ओतणारी बाई आली. कुणीतरी विचारलं, ही कोण?

"ही माझी आई," ऋजुता म्हणाली. "तिला वाटलं, पिल्लाला कुणी नाही."

मित्रांनो, वाळूवर एकटं पिल्लू दिसलं तर तुमच्या मनात दया येईल. येऊ द्या, ती देवाचीच देणगी आहे. पण मागे या. आणखी मागे या, टेकडीआड बसा आणि पिल्लाकडे नाही, पाण्याकडे बघा.