मागच्या सीटवरची मैना

हो, मीच बोलतेय. इकडे बघा, तिसऱ्या रांगेत, निळी, मागच्या दारावर ओरखडा असलेली. जुन्या गाड्यांच्या या आवारात प्रत्येकीच्या काचेवर किंमत चिकटवली आहे. माझी वाचून लगेच पुढे जाऊ नका. वय झालंय हे कबूल, पण इंजिन ठणठणीत आहे, आणि एकदा बोलायला लागले की मला आवरणं कठीण.

जन्म कारखान्यातला. यंत्रांच्या हातांनी दारं बसवली, एका माणसाने शेवटचं फडकं फिरवलं आणि मान डोलावली. माझं बालपण तेवढंच. मग शोरूमच्या काचेमागे नटून उभी राहिले आणि येणारी-जाणारी माणसं माझी दारं उगाच उघडून-मिटून बघत राहिली.

मला घेतलं ते दातांच्या एका डॉक्टरने आणि त्याच्या बायकोने. ती घरं विकून द्यायचं काम करायची. कडेवर तान्ही मुलगी होती. तिने पहिल्याच दिवशी माझ्या कोऱ्या सीटवर दूध ओकलं. मला राग यायला हवा होता, पण मी त्याच दिवशी तिची झाले.

गाव शहराबाहेरचं, सुखवस्तू. कापलेली हिरवळ, रुंद रस्ते, घरटी दोन गाड्या. तिथली सरकारी शाळा इतकी नावाजलेली की लोक केवळ तिच्यासाठी तिथे घर घ्यायचे. आई गिऱ्हाइकांना माझ्यात बसवून फिरवायची आणि एका जुन्या झाडाशी गाडी हळू करून म्हणायची, "शाळेची हद्द इथपर्यंत. झाडापलीकडचं घर स्वस्त पडेल, पण मग शाळा दुसरी." हे ऐकलं की गिऱ्हाईक झाडाकडे असं बघायचं, जणू तेच विकत घ्यायचंय.

"तुमची मुलगी कुठे जाते?" असं कुणी विचारलंच, तर आई ताठ बसून सांगायची, "याच शाळेत."

त्यापुढचं ती सांगत नसे. मुलीला शाळेत घालून दोन वर्षं होत आली होती आणि तिथे तिने एक चकार शब्द काढला नव्हता.

घरात तिला मैना म्हणायचे, ते उगाच नाही. तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. माझ्या मागच्या सीटवर तर तिचं राज्यच होतं. चौकातल्या सिग्नलचे तीन दिवे तिचे नातेवाईक होते. लाल म्हणजे आत्या, सगळ्यांना अडवून चौकशी करणारी. पिवळी मावशी, जिचं कधी काही ठरतच नाही. आणि हिरवे मामा, "जा बाबांनो, जा एकदाचे" म्हणणारे. आम्ही चौकात थांबलो की आत्या आणि मामांचं जुंपायचं, आणि मैना दोघांचेही आवाज काढायची. डॉक्टर तर हसता हसता हिरवा दिवा चुकवायचा आणि मागचे भोंगे खायचा.

शाळेच्या फाटकाशी माझं दार उघडलं की मात्र तोंडात मिठाची गुळणी. मान खाली, दप्तराचा पट्टा दोन्ही हातांत घट्ट. लाडावलेली नव्हती ती आणि हट्टीही नव्हती. बाहेर पडताना तिचं बोलणं माझ्या सीटवरच राहून जायचं. मला ते रोज दिसायचं आणि रोज वाईट वाटायचं.

"मी दिवसभर लोकांना आ करा म्हणतो, आणि माझ्याच पोरीचं तोंड उघडत नाही," डॉक्टर एकदा म्हणाला. म्हणताना हसला, पण स्टिअरिंगवरची त्याची पकड मला कळली.

मग टेकडीवरच्या खासगी शाळेची गोष्ट निघाली. वर्ग लहान, अबोल मुलांसाठी वेगळ्या शिक्षिका, पोहण्याचा तलाव. आईच्या मनाने घेतलं की नव्या जागी, नव्या मुलांत मैना नव्याने सुरुवात करेल.

"मी सरकारी शाळेतच शिकलो. माझं काय अडलं?" डॉक्टर म्हणाला.

"तू बोलत होतास रे," आई म्हणाली.

ती शाळा बघायला गेलो तेव्हा आईने मला तलावाच्या मागच्या भिंतीला लावलं. एखाद्या गिऱ्हाइकाने बघितलं असतं तर पंचाईत झाली असती. मैनाची मुलाखत झाली, म्हणजे प्रश्न झाले आणि तिने बुटांकडे बघितलं. तिथल्या मुख्याध्यापिका काही वाईट नव्हत्या. माझ्यापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "घाई नको. तिचं एखादं चित्र वगैरे असलं तर पाठवा, आम्ही बघू."

चित्र नव्हतं. आईकडे दुसरी युक्ती होती. तिने फोन पेला ठेवायच्या खाचेत उभा केला आणि चौकात विचारलं, "काय गं, आज आत्याचं काय बिनसलंय?" मैना सुरू झाली. आवाज फोनमध्ये भरला आणि टेकडीवर गेला. आईच्या मनात पाप नव्हतं. जीव टांगणीला लागलेला असला की माणूस काय वाटेल ते करतो.

पुढच्या आठवड्यात शाळेतून घरी येताना फोन वाजला. चालवताना आईचा फोन माझ्या स्पीकरला जोडलेला असायचा. मुख्याध्यापिकांचा आवाज गाडीभर घुमला.

"अहो, ऐकलं आम्ही! आत्या, मावशी, मामा! सगळ्या शिक्षकांनी मिळून ऐकलं, किती हसलो म्हणून सांगू! जागा पक्की समजा. महिनाअखेरीपर्यंत कळवा."

आई बटण चाचपडत होती. ते सापडेपर्यंत सगळं बोलून झालं होतं. मागे मैनाने हळूच काचेकडे तोंड फिरवलं. पुढच्या चौकात लाल दिवा लागला, पण आत्याने कुणाचीच चौकशी केली नाही.

त्या दिवसापासून ती माझ्यातही बोलेनाशी झाली. घरीही कामापुरतं, असं डॉक्टर म्हणाला. आईने रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन मागे वळून सांगितलं, "चुकलं गं माझं. तुला विचारायला हवं होतं." मैनाने मान हलवली, पण तोंड उघडलं नाही. मला माझ्या वायपरचा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला. इतकी वर्षं तो कधी ऐकायची वेळच आली नव्हती.

शेवटी आईने शाळेच्या फाटकाशी वर्गाच्या बाईंना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं, अगदी टेकडीवरच्या शाळेसकट. सांगताना रडली. बाईंचा वर्ग मोठा, गुडघा दुखरा, हातात वह्यांचा ढीग. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"गाडीत बोलायची ना ती? मग मी गाडीत येऊन बसू का? शाळा सुटली की थोडा वेळ."

दुसऱ्या दिवशी त्या पुढच्या सीटवर येऊन बसल्या. पहिलं काम काय केलं असेल, तर माझा आरसा फिरवून छताकडे केला. "मागचं काही बघायचं नाही आपल्याला," आईला म्हणाल्या. आणि वह्या तपासायला लागल्या. मैनाला एक प्रश्न विचारला नाही की कधी मागे वळल्या नाहीत. रोज यायच्या, लाल पेनाने खुणा करायच्या, गुडघ्याच्या तक्रारी आईला सांगायच्या आणि जायच्या. मला तर वाटायला लागलं, बाईंना वह्या तपासायला शांत जागा हवी होती, एवढंच.

महिना संपत आला. एका दुपारी बाईंनी पेन थांबवलं.

"स्पष्ट सांगू का? टेकडीवरची शाळा चांगली आहे. तिथे तिला वेळ देतील. माझ्या वर्गात मला तेवढा वेळ मिळत नाही. नेलंत तर मला वाईट वाटेल, पण तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही."

"मला काही सुचत नाही हो बाई," आई म्हणाली. "तिच्यासाठीच तर हे घर घेतलं, आणि आता तिच्यासाठीच..."

"मला नाही जायचं."

आवाज मागून आला. घोगरा, न वापरल्यासारखा. आईचा हात माझ्या गिअरवर होता, तो तिथेच थांबला. बाई मागे वळल्या नाहीत. वहीकडे बघतच म्हणाल्या, "बरं. का गं?"

बाईंनी पुढची वही उघडली. मग मैना बोलली, अडखळत, पण बोलली.

"तिथे त्यांनी मला ऐकलंय. मग रोज बोलावं लागेल. इथे हजेरीला मी बोलले नाही तर मुलंच सांगतात, ती आलीये म्हणून. खेळायला पण घेतात. आणि मी बोलायची कुणी वाट बघत नसतं."

आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. सगळ्या गावाला ती शाळा समजावून सांगणारी आई, पण हजेरीचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"खरंय," बाई म्हणाल्या. "ती उंच मुलगी सांगते ना, खिडकीजवळची?"

"उंटीण," मैना म्हणाली. "मी तिला मनात उंटीण म्हणते."

बाईंना इतकं हसू आलं की लाल रेघ भलत्याच ठिकाणी गेली. आई मात्र तोंड फिरवून रडत होती.

तिने दुसऱ्या दिवशी जागा नको म्हणून सांगायला टेकडीवर फोन केला, तोही खाली उतरून, माझ्यापासून लांब जाऊन. परत आली तेव्हा चेहरा हलका होता. पुढे गिऱ्हाइकांनी शाळेबद्दल विचारलं की ती सांगायची, "वर्गात मुलं जास्त आहेत, पण एकमेकांची हजेरी देतात." त्यांना ते कळायचं नाही. ते तलावाचं विचारायचे.

मग बाईंनी उंटिणीलाच माझ्यात आणून बसवलं. पहिले काही दिवस दोघी नुसत्या खिडकीबाहेर बघायच्या. एकदा उंटीण जोरात शिंकली, मैना खुदकन हसली, आणि त्यानंतर मैनाने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. ते मलाही ऐकू आलं नाही.

आणि मग ती सकाळ. उंटीण आता शाळेला जातानाही आमच्याबरोबर असायची. गोगलगायीला दात असतात की नसतात यावरून दोघींची जुंपली होती. उंटीण म्हणत होती, नसतात. मैना डॉक्टरची मुलगी, ती कशाला ऐकतेय!

"असतात! हजारो असतात! बाबांनी सांगितलंय, आणि ते दात ना..."

आम्ही फाटकाशी पोचलो होतो. आईने श्वास रोखला. दार उघडलं, मैनाचा पाय जमिनीला लागला, आणि ती बोलतच राहिली. बोलत बोलत उतरली, बोलत बोलत फाटकातून आत गेली, हातवारे करत, उंटिणीच्या पुढे पुढे. ते दात कसले असतात, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. पुढचं सगळं तिने आतमध्ये सांगितलं.

दार उघडंच राहिलं होतं. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. आई उतरली नाही की तिने दार लावलं नाही. आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत आम्ही दोघी तिथेच होतो.

पुढे मैना उंच झाली, पुढच्या सीटवर बसायला लागली, आणि घराला नवी गाडी हवीशी झाली. तक्रार नाही. उद्या तुमच्यापैकी कुणी मला घरी नेलंत आणि मागे एखादं मूल बसवलंत, तर त्याला बोलू द्या. नाही बोललं तर तसंच बसू द्या. बाई थांबल्या तशी मीही त्याच्यासोबत थांबेन.