अजून दोन

"अजून दोन," जॅरड म्हणाला. "फक्त दोन, नोरीन. पाय हो म्हणतोय, तुमचं डोकंच नाही म्हणतंय."

नोरीनचं नेमकं उलटं होतं. डोकं हो म्हणत होतं आणि पाय कधीचा नाही म्हणत होता. पण पायाचं ऐकायची तिला सवयच नव्हती. तिने यंत्राच्या दोन्ही मुठी आवळल्या आणि वजनाची फळी ढकलली. मग परत ढकलली. दुसऱ्या वेळी मांडी अशी थरथरली, की पॅंटचं कापड हलताना दिसलं.

"बघा! स्नायू जागा होतोय," जॅरड खूश होऊन म्हणाला. "जा, वाजवा घंटा."

व्यायामशाळेच्या भिंतीवर एक पितळी घंटा टांगलेली होती. कुणी स्वतःचाच विक्रम मोडला की ती वाजवायची आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी तिथली रीत. नोरीन भिंतीला धरत धरत गेली. घंटा वाजवली. सायकलवर बसलेला एक दांडगा मेंढपाळ ओरडला, "आजी, पुढच्या आठवड्यात मलाच उचलून दाखवा!"

"आधी तू अंघोळ करून ये," नोरीन म्हणाली. सगळे हसले.

तिला उचलायचं होतं ते वेगळ्याच माणसाला.

डेसला, तिच्या नवऱ्याला, मागच्या हिवाळ्यात पक्षाघाताचा झटका आला आणि त्याची डावी बाजू गेली. तेव्हापासून पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, सगळं नोरीन करायची. सकाळी अंघोळ घालायला मदतनीस येई, पण ती तासाभराने जाई. सरकारकडून पाहणीला आलेल्या बाईने स्पष्टच सांगितलं होतं. तुम्हाला एकटीने याला उठवता येतंय तोवर तो घरी. नाही जमलं, तर काळजीगृह, आजारी म्हाताऱ्यांना सांभाळतात तिथे. आणि ते गावात नव्हतं. ते पलीकडच्या गावात, गव्हाची शेतं ओलांडून.

म्हणून ती डॉक्टरकडे गेली, म्हणाली मला ताकद हवी. डॉक्टरने तिला जॅरडकडे पाठवलं.

जॅरड विद्यापीठात चार वर्षं व्यायामशास्त्र शिकून आलेला. पहिल्याच दिवशी त्याने तिला ओळखलं. ओळखणारच. गावातली अर्धी माणसं लहानपणी नोरीनच्या हाताखालून रस्ता ओलांडून शाळेत गेली होती. शाळेच्या फाटकासमोर एका हातात 'थांबा'ची पाटी घेऊन, दुसऱ्या हाताचा तळवा गाड्यांपुढे धरून ती उभी असायची. निवृत्त होईपर्यंत तेच काम.

"तुम्ही मला बुटाची नाडी बांधल्याशिवाय सोडायचा नाहीत," जॅरड म्हणाला.

"तू तरी बांधायचास. तुझा भाऊ नुसता रडायचा."

मग त्याने विचारलं, जुनं काही दुखणं? नोरीन म्हणाली, लहानपणी पोलिओ झाला होता. डावा पाय जरा बारीक आहे.

"पोलिओ?" जॅरड थबकला. त्याच्या डोक्यात पोलिओ म्हणजे बाळांना द्यायची लस. माणसाच्या पायात राहिलेला पोलिओ त्याने कधी बघितला नव्हता. "म्हणजे ते जुनं झालं ना? संपलं ते."

"संपलं," नोरीन म्हणाली. तिलाही तसंच वाटत होतं. सोळाव्या वर्षी तिने पायाला आधार देणारा लोखंडी सांगाडा काढून फेकला, लांब पॅंट घालायला लागली, आणि त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. डेसला सुद्धा तिने लग्न ठरल्यावर सांगितलं.

*

घरी आली की ती गाडी अंगणात लावायची आणि तशीच बसून राहायची. उतरायला अंगात जोर येईपर्यंत. समोरच्या तारेवर गुलाबी काकाकुवे ओरडत बसायचे. ती त्यांच्याकडे बघत बसायची. कधी कधी त्यात डुलकी लागायची.

"गाडी तर मघाशीच आली," डेस आतून म्हणायचा. झटक्यानंतर त्याचं बोलणं ओल्या कपड्यासारखं जड झालं होतं, पण खवचटपणा शाबूत होता. "तिथे दुसरा कुणी ठेवलायस का?"

"हो. तुझ्यापेक्षा देखणा आहे. बातम्या ऐकत होते रे."

"रेडिओ तर बिघडलाय गाडीतला."

नोरीनने मटणाचे चॉप तळायला घेतले. चहाची किटली उजव्या हाताने उचलली, मग तिला डावा हात लावला. हल्ली दोन हात लागायचे. व्यायामाच्या दिवशी ठीक असायचं. दुसऱ्या दिवशी आणि त्याच्या पुढच्या दिवशी अंग असं व्हायचं, जणू कुणी आतला दिवाच बंद केला. पाय बर्फासारखे गार. घास चावायचाही कंटाळा.

"सांग त्या पोराला," डेस म्हणाला.

"काय सांगू? व्यायामाने दमले? लोक दमायलाच जातात तिथे."

"तू कधी कुणाला काही सांगतेस का गं, पोरी?"

नव्हतीच सांगत. सहा वर्षांची असताना ती मेलबर्नच्या इस्पितळात होती, आणि तिथल्या मोठ्या नर्सबाईंचा एक नियम होता. लाकडी टेबलावर पाय ओढून व्यायाम घ्यायचे. जो रडेल त्याची आई रविवारी आत येणार नाही. शेजारच्या खाटेवरचा मुलगा रडला, तर त्याची आई काचेच्या बाहेरूनच हात हलवून परत गेली. नोरीनने बघितलं ते. ती रडली नाही. तेव्हापासून कुणी 'अजून दोन' म्हटलं की ती दोन करायची. सगळे म्हणायचे, काय जिद्दीची पोर आहे. जिद्द कसली, घाबरली होती ती.

तरी डेसच्या आग्रहाखातर तिने पुढच्या खेपेला तोंड उघडलं. "जॅरड, नंतर दोन-दोन दिवस मला अंथरुणातून उठवत नाही रे."

जॅरडने मन लावून ऐकलं. तो वाईट मुलगा नव्हता, हे खरं. त्याला शिकवलं होतं तेच तो सांगत होता. "सुरुवातीला होतं असं. अंडी खा जास्त. आणि घरी पडून राहू नका हं, त्याने स्नायू आणखी ढिले पडतात. सुट्टीच्या दिवशी चालायला जा. जरा चढाव असेल तिथे."

नोरीन चढावावर जायला लागली.

*

ती मंगळवारची सकाळ होती. मदतनीस अजून यायची होती. नोरीनने डेसच्या काखेत हात घातले, नेहमीसारखं 'एक, दोन' म्हटलं, आणि उजवा पाय रोवला. उजवा, म्हणजे तिचा चांगला पाय. पोलिओने सोडून दिलेला, सगळा जन्म ज्याने तिला वागवलं तो.

तो पाय नुसता खाली बसला. घसरला नाही, मुरगळला नाही. खालून कुणी काढूनच घेतल्यासारखा गेला.

दोघं गालिच्यावर आली. डेस तिच्या अंगावर अर्धा.

"लागलं का?" तिने विचारलं.

"नाही. तुला?"

"नाही."

जरा वेळाने डेस म्हणाला, "नाचायचं होतं तर आधी विचारायचंस ना."

नोरीन हसायला लागली. मग तिच्या लक्षात आलं, की आपण उठायचा प्रयत्नसुद्धा करत नाही आहोत. उठवतच नव्हतं. मग ती हसायची थांबली, आणि डेसने चांगला हात तिच्या केसांवर ठेवला, आणि मदतनीस येईपर्यंत दोघं तशीच पडून राहिली.

*

मेलबर्नला पोलिओच्या जुन्या रुग्णांना तपासणारी एक बाई होती. तिने नोरीनला टेबलावर आडवं केलं. एकेक स्नायू हाताने दाबून बघितला. कुठेच 'अजून दोन' म्हणाली नाही. मग खुर्ची ओढून बसली.

"लहानपणी तुमच्या बऱ्याच नसा मेल्या," ती म्हणाली. "या उजव्या पायातल्या पण. ज्या उरल्या त्यांनी मेलेल्यांचंही काम उचललं. म्हणून हा पाय चांगला दिसत होता. इतकी वर्षं त्या दुप्पट राबल्या. आता त्या थकल्यात, नोरीन. आणि थकलेल्यांना तुम्ही आणखी पळवलंत."

"मग आता काय करू? कोणता व्यायाम?"

"थोडा, हलका, दमायच्या आत थांबायचं. आणि आराम करायचा. दिवसा. रोज."

"गेलेलं परत येईल?"

बाईने खोटं सांगितलं नाही. "आहे ते सांभाळू."

"नवऱ्याला उचलायचंय मला."

"ते आता नाही," बाई म्हणाली.

परतीच्या गाडीत नोरीनने खिडकीला डोकं टेकवलं होतं. रडू येईल असं तिला वाटलं होतं. पण तेवढाही जोर अंगात नव्हता.

*

जॅरड घरी आला. हातात त्याच्या आईने भाजलेला केक. दारातच उभा. मेलबर्नच्या बाईने त्यालाही फोन केला होता.

"ये की आत," नोरीन चाकाच्या खुर्चीतून म्हणाली. "मी काही चावत नाही. डेस चावतो, पण तो झोपलाय."

तो बसला. केक मांडीवर तसाच.

"चार वर्षांत आम्हाला यावर एक तासही नव्हता," तो म्हणाला. "सबब सांगत नाहीये. म्हणजे सांगतोच आहे, पण... तुम्ही थांबायचंत ना, नोरीन. एकदा नाही म्हणायचंत. मी लगेच कमी केलं असतं."

"उठवत नाही म्हणाले होते."

"हो."

"पोलिओचं पण म्हणाले होते. पहिल्या दिवशी."

जॅरडने मान खाली घातली. "हो. म्हणाला होतात."

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. नोरीनला जॅरडचा राग आणायचा होता, पण रागाला बळ लागतं.

"आमच्याकडे अजून एक गृहस्थ येतात," जॅरड हळूच म्हणाला. "तुमच्याच वयाचे. लंगडतात थोडे. का, ते मी कधी विचारलं नाही."

"मग इथे काय करतोयस?" नोरीन म्हणाली. "जा. विचार त्याला. आणि केक ठेवून जा."

*

डेस काळजीगृहात गेला. नोरीन गुरुवारी शेजारणीच्या गाडीतून जायची. पहिल्या गुरुवारी ती पोचली तेव्हा जेवणं झाली होती. डेस खिडकीशी खुर्चीत बसला होता. गालाला जेली लागलेली. तिने रुमाल काढला, हात वर नेला, आणि हात अर्ध्यावरच कापायला लागला. ती त्याला हसून काहीतरी बोलणार होती.

"पलंग रिकामाच आहे," डेस म्हणाला.

"म्हणजे?"

"आडवी हो."

"वेडा का तू? लोक काय म्हणतील. मी तुला भेटायला आले."

"भेटलीस ना? आता हो आडवी."

तिथल्या परिचारिकेने काही विचारलं नाही. तिने नोरीनचे बूट काढले, एक मोठ्या मापाचा, एक लहान मापाचा, आणि पलंगाखाली शेजारी शेजारी लावले. अंगावर लोकरी पांघरूण टाकलं. दुपारचे दोन वाजले असतील. व्हरांड्यात कुणीतरी चहाची गाडी ढकलत होतं, कपबश्या वाजत होत्या.

चहावाली दारात आली, तशी डेसने चांगला हात वर केला. तळवा पुढे, बोटं ताठ.

"हळू," तो म्हणाला. "माझी बायको झोपलीय."