घोडा सोडून झोपायला गेलेली माणसं

मित्रांनो, घोडा कितीही मोठा असो, रिंगणात शिरण्याआधी तो माझ्यासमोर क्षणभर थांबायचा. मी एक जुनं लाकडी फाटक आहे. अमेरिकेतल्या एका लहान गावाच्या जत्रेच्या मैदानात घोड्यांच्या रिंगणाला आत जायची वाट एकच, आणि साठ वर्षं त्या वाटेवर मी उभा होतो.

माझं लाकूड इथल्याच डोंगरातल्या पाइनचं. नेल्स लिंडक्विस्ट नावाच्या लोहाराने मला घडवलं. पाच फळ्या, एक तिरकी पट्टी, आणि बिजागऱ्या इतक्या जाड की बघणारे हसायला लागले. "काय रे नेल्स, हत्ती येणारेत का?" नेल्स नुसता म्हणाला, "थांबा की जरा."

पहिल्याच जत्रेत एका गाडीला जुंपलेले आठ करडे घोडे माझ्यातून आत गेले आणि हसणाऱ्यांची बोलतीच बंद झाली. अबब, काय ते घोडे! एकेक टनभर वजनाचा. त्यांच्या पावलांची थरथर आधी जमिनीतून माझ्या खांबात यायची, आणि मग घोडे दिसायचे. लगाम धरणारी बाई मात्र अगदी शेलाटी. तिने जिभेने नुसतं 'चक्' केलं की ते आठही एकदम वळायचे. एवढं बळ एवढ्याशा आवाजाचं कसं ऐकतं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी आपला बघतच राहतो.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. दरवर्षी मला पांढरा रंग मिळायचा, बिजागऱ्यांना तेल मिळायचं. पुढे रंग थांबला, मग तेलही थांबलं. रिंगणाची माती दगडासारखी घट्ट झाली. तीन वर्षांपूर्वी एक तपकिरी घोडी माझ्यापासून दहा पावलांवर घसरून पडली. नशीब, उठली बिचारी! पण बातमी सगळीकडे गेली आणि घोडेवाले कमी होऊ लागले. शेवटी मैदानाच्या कचेरीतून कागद आला: या वर्षात माती बदला, नाहीतर घोड्यांचे खेळ कायमचे बंद, त्या जागी गाड्या उभ्या करू.

घोड्यांचे खेळ भरवते ती वर्ना, नेल्सची मुलगी. सत्तर वर्षांची, पण आवाज असा की शिंगरंसुद्धा दचकतात. पैसे मिळण्याची तिला एकच आशा होती. गावातल्या मोटेलात जो पाहुणा रात्र काढतो, त्याच्या भाड्यावर थोडा कर असतो. तो पैसा गावात मुक्कामी पाहुणे आणणाऱ्या कामालाच मिळतो. वर्नाने अर्ज केला, आणि जूनच्या खेळांच्या पहिल्या दिवशी, शुक्रवारी, तो पैसा वाटणाऱ्या समितीतर्फे गेलीन प्रुइट बघायला आली. तिचं स्वतःचं मोटेल होतं. वही माझ्या वरच्या फळीवर ठेवून तिने विचारलं, "किती लोक आलेत?"

"घोडे नव्वद, माणसं दीडशे. पार मोंटानापासून!"

"छान! आणि रात्री गावात किती जण उतरतात?"

वर्नाने छाती फुगवली. "एकसुद्धा नाही! आमची माणसं तसली नाहीत, गेलीन. घोडा इथे आणि आपण तिकडे गादीवर? शोभतं का ते? सगळे घोडे आणायच्या आपापल्या ट्रेलरमध्ये, घोड्याच्या उशाशी झोपतात. गावाला काडीचा त्रास नाही."

गेलीनचं पेन थांबलं. जवळच वर्नाचा दीर ऑर्व्हिल एका घोड्याला नाल ठोकत होता. त्याने कपाळावर हात मारला.

"वहिनी, पाडून घेतलास ना धोंडा पायावर! मुक्कामाच्या कराचे पैसे मागतेस, आणि आमच्यात मुक्कामाची पद्धतच नाही म्हणून सांगतेस!"

"मग काय खोटं सांगू?"

"खोटं नको गं. पण खरं इतकं नाचत सांगायचं?"

गेलीन हळू आवाजात म्हणाली, "मला वाईट वाटतंय, वर्ना. पण नियम तो नियम. खोल्या भरल्या नाहीत, तर सोमवारच्या बैठकीत मला 'नाही' म्हणावं लागेल." आणि ती गेली.

वर्ना मला धरून उभी राहिली. मग ती तरातरा गेली आणि तिने भोंग्यावरून सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. "चूक माझी आहे. आपल्याकडे दोन रात्री उरल्यात. घोडा सोडून कुणी मोटेलात झोपायला तयार आहे का? नसाल, तर मला राग नाही."

सगळ्यांनी आपापली दावी आणखी घट्ट धरली. बायकोचा वाढदिवस विसरतील, पण घोड्याजवळून हलणार नाहीत अशी ही माणसं! शेवटी मोंटानाचे एमेट काका पुढे आले. वय ऐंशी. त्यांची बर्था ही घोडी माझ्याहून उंच होती.

"मी जवळ नसलो तर ती दाण्याला तोंड लावत नाही," ते म्हणाले.

"मी बसते तिच्यापाशी," वर्ना म्हणाली. "डोळ्याला डोळा लागू देणार नाही."

"तिच्याशी बोलत राहावं लागतं."

"बोलेन."

"त्याची काळजी नको, काका," ऑर्व्हिल ओरडला. "वहिनीला बोलायला समोर कुणी लागतच नाही!"

लोक हसले. काकांनी टोपी काढली, बर्थाच्या मानेवरून हात फिरवला, आणि दावं वर्नाच्या हातात दिलं. मग दुसरा आला, मग तिसरी. अर्ध्यांनी जायचं, अर्ध्यांनी जागायचं, दुसऱ्या रात्री उलट, असं ठरलं. मित्रांनो, मी सहा-सहा फूट उंच उड्या मारणारे घोडे पाहिलेत. पण परक्याच्या हाती आपल्या घोड्याचं दावं देणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली, आणि माझ्या फळ्याफळ्यांतून शहारा गेला.

शनिवारी उजाडता उजाडता काका धापा टाकत आले. "खाल्लं का तिने?"

"सगळं," वर्ना म्हणाली. "वर माझ्या डब्यातलं सफरचंदसुद्धा."

"म्हणजे? वीस वर्षं हिच्यासाठी त्या ट्रेलरमध्ये अंग मुडपून झोपतोय मी, आणि या बयेला पत्ताच नाही!" काका रागवायला गेले आणि रडायलाच लागले. बर्थाने त्यांच्या खांद्यावर तोंड ठेवलं.

रविवारी गेलीन परत आली. "दोन रात्रींत एकेचाळीस खोल्या गेल्या, वर्ना," ती म्हणाली. "पण मी ते सांगायला नाही आले. सात नंबरमध्ये तुमचे एमेट काका होते. पलंगावरच्या चादरीला सुरकुतीसुद्धा नव्हती गं. खुर्ची खिडकीशी ओढून, बूट घालून, बसल्या बसल्या झोपले होते ते. तोंड मैदानाकडे. भाडं मात्र पूर्ण दिलं." तेवढ्यात बर्था माझ्यातून आत गेली, आणि गेलीन तोंडाचा आ करून तिच्याकडे बघत राहिली.

सोमवारी पैसे मंजूर झाले. पानगळीत नवी मऊ रेती आली, नवं कुंपण आलं. आणि मंजुरीच्या त्याच कागदात 'नवीन लोखंडी फाटक' असंही लिहिलेलं होतं. मला बिजागऱ्यांवरून उतरवलं, तेव्हा वाटलं, संपलं, आता आपलं जळण होणार. खूप वाईट वाटलं. पण वर्नाने ऑर्व्हिलकडून मला चार पाय लावून घेतले आणि तबेल्यात नेऊन ठेवलं. आता माझं बाक झालंय. दुसऱ्यांचे घोडे राखायला जो जागतो, तो माझ्यावर बसतो.

मित्रांनो, मला रंग नको, तेल नको. एवढंच मागतो: कुणी आपला जीव की प्राण तुमच्या हवाली करून गेलं, तर तेवढा वेळ जागे राहा. राखणारा असा भेटला, की मोठमोठी माणसंसुद्धा निर्धास्त होतात. या जूनमध्ये एमेट काका आले, बर्थाचं दावं वर्नाच्या हातात दिलं, माझ्या फळीवर एक थाप मारली, आणि एकदाही मागे न बघता झोपायला गेले.