डाव्या पायाची अनामत

सोमवारी अकरा वाजता मुख्याधिकाऱ्यांपुढे नव्या साहित्य-खोलीची नियमावली ठेवायची होती. ती मीच लिहिली होती, एकूण नऊ कलमं. त्यातलं चौथं माझं विशेष लाडकं: ओळखपत्र आणि पालकांचा फोन नंबर दाखवल्याशिवाय कोणालाही चेंडू, रॅकेट, दोरी, काहीही मिळणार नाही. आमचा लिपिक एरवी माझ्यापुढे ब्र काढत नाही, पण या कलमावर तो हळूच म्हणाला, की पुलापलीकडच्या पोरांकडे यातलं काहीच नसतं. मी त्याला सुनावलं, की पोरांच्या हातात वस्तू दिली की ती गेली, हे मला कुणी शिकवायला नको.

आणि खरंच नको होतं. मी स्वतःच त्यातली होते.

नगरपालिकेच्या उद्यान आणि क्रीडा विभागात मला सदतीस वर्षं झाली. विभाग म्हणजे सहा बागा, एक पोहण्याचा तलाव, एक मैदान आणि बॅडमिंटनचा एक हॉल, ज्याचं छप्पर नेमकं सर्व्हिसच्या रेषेवर गळतं. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर फुलं बघत बसतो. आम्ही झोपाळ्यांच्या साखळ्यांना वंगण घालतो, सुट्टीतल्या पोहण्याच्या वर्गांत पाण्याला भिणारी मुलं आणि त्यांच्याहून जास्त भिणाऱ्या आया सांभाळतो, आणि सकाळी फिरायला येणाऱ्या दोन आजोबांचं एका बाकावरून नऊ वर्षं चाललेलं भांडण मिटवतो. मिटत नाही ते. त्यांना दुसरा बाक दिला, तर दोघांनाही तोच हवा.

या सगळ्यात माझा जीव अडकला तो मोठ्या बागेतल्या खिडकीत. साहित्याची खोली असं तिचं सरकारी नाव, पण गाव तिला खिडकीच म्हणायचं. खिडकीच्या आत डावेकाका बसायचे. हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. त्यांची पद्धतच तशी होती. खेळायला काही हवं असेल तर डाव्या पायातली चप्पल नाहीतर बूट काढून खिडकीत ठेवायचा आणि वस्तू न्यायची. वस्तू आणून दिली की चप्पल परत. चिठ्ठी नाही, सही नाही. काकांच्या पाठीमागच्या मांडणीवर संध्याकाळी पाचला पन्नाससाठ डाव्या चपला ओळीनं बसलेल्या असायच्या आणि मैदानावर तितकीच मुलं एका पायात चप्पल घालून धावायची. परगावचे पाहुणे बघतच राहायचे. आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नसे. उजव्या पायात बूट आणि डावा अनवाणी, अशा अवस्थेत मारलेला गोल हाच आमच्यासाठी खरा गोल.

मी नऊ वर्षांची असताना माझी पंचाईत वेगळीच होती. माझ्याकडे बुटांचा एकच जोड होता आणि शाळा सुटली की आई तो कपाटावर चढवून ठेवायची. "बूट शाळेला, पाय खेळायला," असा तिचा कायदा. ताईनं त्या कायद्यापुढे कधीच हात टेकले होते. ती घरात पुस्तक घेऊन बसायची. मी मात्र रोज अनवाणी बागेत जायचे आणि खिडकीपासून चार हात लांब उभी राहायचे. अनामत ठेवायला पायात काही नव्हतं, आणि ते तोंडानं सांगायची लाज वाटायची. शेवटी एके दिवशी काकांनीच मला मागच्या दाराला बोलावलं. मांडणीची सगळ्यात खालची फळी काढून जमिनीवर उपडी टाकली. त्या बाजूला तेव्हा काहीच नव्हतं. म्हणाले, "चप्पल नाही तर पाय ठेव."

मी पाय ठेवला. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि पायाभोवती फिरवली. टाचेपाशी गुदगुल्या झाल्या आणि मी हसले, तर म्हणाले, हलू नकोस, तुझा पाय बिघडेल. मग पायाच्या आत बारीक अक्षरात लिहिलं, ‘दोरी’. फळी परत जागेवर लावली, चित्र खाली आणि कोरी बाजू वर. मला लाकडी मुठींची दोरी मिळाली. माझा पाय अनामत आहे, ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही. माझी खात्री होती, की एवढा मान साऱ्या गावात मला एकटीलाच मिळालाय.

पुढे रोज तोच पाय आणि तीच दोरी. परत दिली की काका म्हणायचे, पायात खूण करतो, आणि नेताना म्हणायचे, खूण पुसतो; फळी मात्र मला पुन्हा दिसली नाही. आणि एका संध्याकाळी माझ्या सत्त्याऐंशी उड्या झालेल्या असताना बाग बंद व्हायची घंटा झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे आमचं सामान ट्रकमध्ये चढणार होतं, वडिलांची बदली झाली होती. मला शंभर पुऱ्या करायच्या होत्या. दोरी फ्रॉकच्या आत लपवून मी घरी पळाले. अंगणात शंभर करेन आणि निघायच्या आधी देऊन येईन, असा बेत होता. पहाटे मला झोपेतच उचलून ट्रकमध्ये घातलं.

नव्या गावात आईनं विचारलं, ही दोरी कुणाची? मी म्हटलं, मैत्रिणीनं दिली. त्या दोरीवर मी पुन्हा एकही उडी मारली नाही.

अकरा वर्षांनी याच विभागात मला नोकरी लागली आणि मी या गावात परतले. काका तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. पुढची तेरा वर्षं आम्ही एकाच छपराखाली काम केलं. ते कुठल्याही पोराला "आणलंस का परत?" म्हणाले की मी दचकायचे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय? दोरी घरी कपाटात होती. रोज ठरवायचे, उद्या सांगू. काका निवृत्त झाले, त्यांच्या जागी वही आली, वहीनंतर छापील पावती आली, मांडणीवर रंगाचे डबे बसले आणि चपलांची पद्धत मागे पडली. मी बढती घेत घेत अधीक्षक झाले आणि नियमांच्या बाबतीत कडक म्हणून माझं नाव झालं. काकांइतका भला माणूस आणि त्यालाही मी फसवलं, मग बाकीच्यांचा भरवसा काय धरायचा? चौथ्या कलमाच्या मुळाशी हेच होतं.

शनिवारी सुतार जुनी मांडणी मोडायला आला. अर्ध्या तासात त्यानं मला निरोप धाडला, की एकदा बघून जा, नाहीतर मी करवत चालवतो.

फळ्या उपड्या करून त्यानं भिंतीला टेकवल्या होत्या. एक नाही, सातही फळ्या पायांनी भरल्या होत्या. पेन्सिलीनं काढलेले डावे पाय, चारपाच वर्षांच्या पोरांच्या पावलांपासून मोठ्या मुलांच्या लांब पावलांपर्यंत, जागा नव्हती तिथे एकावर एक. नाव एकाचंही नव्हतं. आत फक्त ‘चेंडू’, ‘रॅकेट’, ‘दोरी’. माझा मान माझ्या एकटीचा नव्हताच. गावातलं प्रत्येक अनवाणी पोर मागच्या दारानं येऊन गेलं होतं, आणि फळी उपडी असल्यामुळे एकाचं दुसऱ्याला कळलं नव्हतं. त्या खोलीत पस्तीसचाळीस वर्षं ये-जा करून मलाही कळलं नव्हतं.

माझा पाय सापडायला वेळ लागला नाही. माझी डावी करंगळी जन्मापासून शेजारच्या बोटावर चढून बसलेली आहे. खालच्या फळीवर, उजव्या कोपऱ्यात तो होता. आत ‘दोरी’ लिहिलेलं, आणि त्याखाली बरोबरची खूण.

खूण बहुतेक सगळ्याच पायांत होती. पण माझ्या पायात ती असायचं कारण नव्हतं. सुतारासमोर रडणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी त्याला धूळ फार आहे म्हणून रागावले आणि फळ्यांना हात लावू नकोस असं बजावून घरी गेले. कपाटातून दोरी काढली आणि तशीच काकांकडे निघाले.

काका आता ब्याऐंशी वर्षांचे. लेकीच्या घरी पुढच्या खोलीत मटार सोलत बसले होते. मी समोर बसले, पाणी प्यायले आणि आधी सांगून टाकलं. "काका, लहानपणी मी तुमची दोरी चोरली होती."

"माहीत आहे. लाकडी मुठींची," ते म्हणाले. "आणलीस का परत?"

मी पर्समधून काढून दिली. त्यांनी दोन्ही मुठी फिरवून पाहिल्या आणि एकीला चीर गेली आहे अशी तक्रार केली. मी म्हटलं, दोरी आज परत येतेय, मग खूण कशी झाली?

"दोरीची खूण नव्हती ती," काका म्हणाले. "पोर पुन्हा खिडकीत आलं की करायचो. वस्तूंचं काय, येतात नि जातात. तू नोकरीला आलीस त्या दिवशी सँडल घालून आली होतीस. करंगळी दिसली. संध्याकाळी फळी काढली नि खूण केली."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो. तेरा वर्षं थांबलो. मग निवृत्तच झालो."

हसावं की रडावं ते मला कळेना. शेवटी दोन्ही झालं. त्यांनी मला मटारांची अर्धी रास सोलायला दिली. मग विचारलं, खुणेशिवायचे चारच उरलेत ना? मी मोजले नव्हते. नव्या खोलीत तुम्ही लोक काय करणार आहात, हेही त्यांनी विचारलं. मी त्यांना चौथं कलम सांगितलं. ते फक्त मटार सोलत राहिले. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर परवडल्या असत्या.

सोमवारी अकरा वाजता मी लिपिकाला आणि फळीला घेऊन मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत गेले. साहेब वयानं माझ्या धाकट्या भावासारखे, कामात चोख, आणि बूट असे चकाकणारे की त्यात बघून भांग पाडावा. मी चौथं कलम खोडून नवं लिहून नेलं होतं: कागदपत्रं नसतील त्या मुलाचा डावा पाय फळीवर रेखून घ्यावा आणि वस्तू द्यावी. साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढला आणि विचारलं, याला काही आधार आहे का?

घोडं इथेच पेंड खाणार हे मला ठाऊक होतं. मी फळी जमिनीवर ठेवली, डाव्या पायातली चप्पल काढली आणि त्या नऊ वर्षांच्या पायावर माझा सत्तावन्न वर्षांचा पाय ठेवला. चारी बाजूंनी बाहेर आला. आतली रेघ दिसेनाशी झाली, पण करंगळी मात्र तशीच चढून बसली होती. मी पाय उचलून त्यांना खालचं चित्र दाखवलं.

"हा माझा आहे," मी म्हणाले. "माझ्याकडे बूट नव्हता."

साहेब खुर्चीतून उठून फळीजवळ येऊन वाकले. बराच वेळ ते पाय बघत होते. मग त्यांनी विचारलं, "आणि मूल वस्तू परत आणेल याची खात्री काय?"

"आणतं, साहेब."

"किती दिवसांत?"

"मला अठ्ठेचाळीस वर्षं लागली," मी म्हटलं. "पण मी परवा दिली."

लिपिकानं खिडकीकडे तोंड फिरवलं. साहेब पुन्हा खुर्चीत बसले, प्रायोगिक तत्त्वावर, एक वर्षासाठी, असं काहीबाही पुटपुटले आणि सही केली. वर हेही म्हणाले, की जुन्या फळ्या मोडीत काढायच्या नाहीत, नव्या खोलीत लावायच्या. त्या कशा लावायच्या ते मी त्यांना सांगितलं: चित्र खाली आणि कोरी बाजू वर.

कागद छातीशी धरून मी जवळजवळ पळतच जिना उतरले. व्हरांड्यात पायाला फरशी गार लागली तेव्हा लक्षात आलं. मागे वळून बघते तर मघापासून दाराशी उभा असलेला साहेबांचा शिपाई, पन्नाशीचा, माझी डावी चप्पल दोन बोटांत धरून जिना उतरत होता.

"बाई," तो म्हणाला, "अनामत न्यायची राहिली तुमची."

मी चप्पल घेतली. मग त्यानं हळू आवाजात विचारलं, की त्या फळ्यांत एखादा खुणेशिवायचा पाय आहे का, आत ‘चेंडू’ लिहिलेला.