तेलवाल्याचं नाव

बेचाळीसच्या ऑगस्टात इतवारीजवळची एक पोलीस चौकी जळाली आणि पाचव्या दिवशी मातीचं तेल, म्हणजे रॉकेल, विकणाऱ्या देवरावाला दुकानातून उचललं. जाळपोळीला तेल त्यानंच पुरवलं, असं कोणीतरी ठाण्यात सांगितलं होतं. चौदा दिवस त्याच्या तळपायांवर वेत बसले. मग खरे जाळणारे गोंदियाला एका तिकीट तपासनिसाच्या संशयावरून सापडले. त्यांनी तेल कामठीहून आणलं होतं.

"जा घरी," फौजदार म्हणाला. "दहा जणांना झोडपलं की एक तरी खरं बोलतो."

"पण साहेब, तो एक कोणता, हे कसं समजते?"

"पुन्हा आत यायचंय का?"

सुटल्यावर देवरावाला कळलं, नाव घेतलं होतं मागच्या गल्लीतल्या रामाजी कोष्ट्यानं. काठी टेकत तो तडक त्याच्या दारात गेला. रामाजी मागाजवळ नुसताच बसला होता. त्याच्या उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती.

"काहून घेतलं गा माह्यं नाव?"

रामाजीची बायको देवकी मध्ये आली. "भाऊजी, बसा तरी."

"मी बसायले नाही आलो, वैनी."

रामाजी म्हणाला, "माहीत नाही म्हटलं की पुन्हा मारत. तिसऱ्या दिवशी विचारलं, तेल कोणी देल्लं? ज्याच्याकडून मी तेल आणतो त्याचंच नाव तोंडात आलं."

"मी देल्लं नाही, हे ठाऊक होतं तुले?"

"होतं."

देवरावाच्या अंगाची लाही झाली. त्यानं काठी उगारली. देवकी ओरडली, पण रामाजी जागचा हलला नाही.

"मार. पण काही विचारू नको. विचारशील तर मी आता काहीबी सांगीन."

"मी चौदा दिवस मार खाल्ला, पण कोणाचं नाव नाही घेतलं!"

"पंधराव्या दिवशी काय केलं असतं?"

चौदाव्या दिवशी सकाळी देवरावानं आपल्या मेहुण्याचं, मधुकररावाचं नाव मनाशी पक्कं केलं होतं. आता वेत पडला की ते सांगून टाकायचं. तेवढ्यात शिपायानं त्याला सोडायला कुलूप उघडलं होतं.

हे त्यानं रामाजीला सांगितलं नाही. काठी खाली आणली, पण राग उतरला नाही. उलट आणखीच भडकला.

"माह्या दुकानाची पायरी चढू नको," एवढंच बोलून तो लंगडत निघाला.

पुढे कित्येक वर्षं देवकी दिव्याचं तेल दूरच्या बाजारातून आणत राहिली. आणि मधुकरराव सणाला घरी आला की देवराव कामाचं निमित्त काढून दुकानात जाऊन बसे.